प्लास्टर मार्चमध्ये, पैसे जूनमध्ये

कळव्याहून एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असा तपशील वगळून ते थोडक्यात असं:

त्यांच्या मिस्टरांचा प्लास्टरचा धंदा. घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरमध्ये ते लेबर रेटवर (फक्त मजुरीच्या दराने) आतलं प्लास्टर करतात, हाताखाली पंचवीस-तीस माणसं. हिशेब, जीएसटी आणि बिलं ताई घरून बघतात. बिलाचे पैसे यायला तीन-तीन महिने लागतात, पण माणसांची खर्ची दर शनिवारी द्यावीच लागते. त्यासाठी गेल्या वर्षी दागिने ठेवून सोनेतारण कर्ज काढलं, ते अजून फिटलेलं नाही. इंजिनिअर झालेला पुतण्या म्हणतो, वर्षाला 48,000 रुपयांचं एक ॲप घ्या, सगळं डिजिटल करा, बिलं आठवड्यात पास होतील. मिस्टर म्हणतात, असं सगळं लेखी मागायला लागलो तर साइटवरचे साहेब दुखावतील आणि पुढच्या टॉवरचं काम हातचं जाईल. ॲप घ्यावं का, मिस्टरांना कसं समजवावं, आणि आधीच्या साइटवर अडकलेल्या 1,60,000 रुपयांच्या रिटेन्शनचं (बिलांतून कापून राखून ठेवलेल्या पैशांचं) काय करावं, असे ताईंचे तीन प्रश्न आहेत. सोबत त्यांनी एका बिलाच्या सगळ्या तारखा लिहून पाठवल्या आहेत.

ताई,

तारखा पाठवल्यात याबद्दल आधी तुमचे मनापासून आभार. ठाणे आणि नवी मुंबईतल्या साइट्सवर मी बावीस वर्षं बिलिंगचं काम केलं. पैसे उशिरा येतात असं सांगणारे ठेकेदार रोज भेटायचे, पण बिल कुठल्या दिवशी कोणाकडे होतं हे सांगू शकणारे फारच थोडे. तुम्ही ते कोणी न सांगता लिहून ठेवलंय. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

नवव्या मजल्याचं काम 8 मार्चला संपलं. मोजमाप 2 एप्रिलला झालं. बिल तुम्ही 5 एप्रिलला दिलं. ते 16 एप्रिलला परत आलं, 22 ला तुम्ही दुरुस्त करून पुन्हा दिलं. 12 मे रोजी सर्टिफाय, म्हणजे तपासून मंजूर झालं आणि पैसे खात्यावर 3 जूनला आले. एकूण 87 दिवस. आता हे दिवस सुटे करून बघा. काम संपल्यापासून मोजमापापर्यंत 25. मोजमापानंतर बिल तयार करायला 3. परत यायला 11, दुरुस्तीला 6. सर्टिफाय व्हायला 20 आणि अकाउंट्समधून सुटायला 22.

पुतण्याने आणि तुम्हीही असं धरलंय की सगळा उशीर मंजुरीच्या टेबलांवर होतो, म्हणून कागदाऐवजी ॲप आलं की बिल पळायला लागेल. पण पहिले 28 दिवस बिल बिल्डरच्या ऑफिसात पोचलेलंच नव्हतं. पुढचे 17 दिवस परत येण्यात आणि पुन्हा जाण्यात गेले. म्हणजे 87 पैकी 45 दिवस मोजमाप आणि त्याच्या कागदांनी खाल्ले. उरलेले 42 दिवस बिल्डरकडचे आहेत. ते तुम्ही एकट्या कमी करू शकणार नाही, आणि कुठलं ॲपही करणार नाही, कारण त्या माणसांच्या मोबाइलमध्ये ते ॲप नसणार. 45 मात्र बरेचसे तुमच्या हातातले आहेत.

त्यातले 25 सगळ्यात महाग. ते कसे जातात ते मी समोरून पाहिलंय. काम संपलं की तुमचे मिस्टर साहेबांना म्हणत असणार, ‘मोजून घ्या.’ साहेब स्लॅबच्या गडबडीत, ते म्हणतात, ‘मजला पूर्ण होऊ दे, एकदम घेऊ.’ मग इलेक्ट्रिकवाला येऊन भिंत फोडतो, टाइल्सवाला येतो, दरवाज्याच्या चौकटी बसतात. तीन आठवड्यांनी टेप घेऊन उभं राहिलं की कुठला भाग तुमचा, कुठली दुरुस्ती दुसऱ्याची, जाळी मारली होती की नाही, सगळ्यावर आठवणीने बोलावं लागतं. मोजमाप शिळं झालं की त्यात वाद शिरतो, आणि तोच वाद पुढे 16 एप्रिलला बिल परत घेऊन येतो.

तुमच्या परत आलेल्या बिलावर लाल पेनाने ‘ओपनिंग डिडक्शन चेक’ एवढंच लिहिलं होतं, असं तुम्ही कळवलंय. म्हणजे दारं-खिडक्यांच्या मोकळ्या जागांची (ओपनिंगची) वजावट तपासा. या तीन शब्दांत किती पैसे असतात ते जरा जवळून बघू.

प्लास्टर कसं मोजायचं हे भारतीय मानक 1200 च्या 12व्या भागात दिलेलं आहे. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या ओपनिंगची वजावट करायची नाही. अर्धा ते तीन चौरस मीटरच्या ओपनिंगला, भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकच प्लास्टर असेल तर, एकाच बाजूची वजावट. कडांचं प्लास्टर मग वेगळं मोजत नाहीत. तीनच्या वर गेलं की दोन्ही बाजू वजा करायच्या आणि कडा मोजून धरायच्या. आता बेडरूमचा दरवाजा घ्या, 0.90 बाय 2.10 मीटर. क्षेत्रफळ 1.89 चौरस मीटर. म्हणजे एकच बाजू वजा व्हायला हवी. ऑफिसातल्या मुलाने सवयीने दोन्ही केल्या आणि फ्लॅटमध्ये असे तीन दरवाजे असले, तर फ्लॅटमागे 5.67 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 61 चौरस फूट गेले. चौरस फुटाला 22 रुपये दर धरला तर 1,342 रुपये. टॉवरमध्ये 80 फ्लॅट असतील तर एक लाख सात हजारांच्या वर. तुमच्या दागिन्यांवरचं व्याज यातच कुठेतरी आहे, ताई.

पण हे मानक आपोआप तुमच्या बाजूने उभं राहत नाही. वर्क ऑर्डरमध्ये, म्हणजे कामाच्या करारात, ‘मोड ऑफ मेजरमेंट’ (मोजमापाची पद्धत) असं कलम असतं, बहुतेक वेळा शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात. तिथे ‘सर्व ओपनिंग पूर्ण वजा’ असं लिहून तुम्ही सही केली असेल तर तेच चालणार. ते पान आजच काढून बघा. त्यात काहीच नसेल तर पुढच्या ऑर्डरमध्ये ‘मोजमाप भारतीय मानक 1200 प्रमाणे’ एवढी एक ओळ घालून घ्या. वर्षाच्या ॲपपेक्षा ती ओळ मला जास्त मोलाची वाटते.

आता मोजमाप ताजं कसं ठेवायचं. मजला संपायची वाट बघू नका, फ्लॅट संपला की मोजा. संध्याकाळी मिस्टरांच्या मोबाइलवरून साहेबांना एक मेसेज जाऊ दे: ‘साहेब, बी विंग 902 आणि 903 चं आतलं प्लास्टर आज पूर्ण झालं. उद्या सकाळी साडेनऊला मोजमाप घेऊ का? तुम्हाला जमत नसेल तर कोणाला पाठवता ते सांगा.’ मोजून झालं की त्याच जागी उभं राहून मोजमापाच्या वहीच्या पानाचा फोटो, आणि खाली: ‘आज आपण दोघांनी मिळून घेतलेलं मोजमाप पाठवतोय. काही फरक वाटला तर सांगा, परत जाऊन बघू.’ याच्यात कुठे भांडण आहे? साहेबांनी नुसतं ‘ओके’ लिहिलं तरी पुरे. नाहीच लिहिलं, तरी तारीख पडली.

फोटोंचं थोडं शिस्तीने करा. प्लास्टरखाली जे झाकलं जाणार आहे त्याचे फोटो आधी हवेत: कॉलम आणि ब्लॉकच्या सांध्यावरची जाळी, हॅकिंग (प्लास्टर धरावं म्हणून काँक्रीटला मारलेले टोचे), आणि कुठे भिंत ओळंब्यात नसल्यामुळे जाड थर द्यावा लागला असेल तर तिथली टेप लावलेली जाडी. प्रत्येक फोटोत खडूने भिंतीवर लिहिलेला फ्लॅट नंबर दिसला पाहिजे. आणि फोटो व्हॉट्सॲपवर टाकताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नेहमीसारखा टाकला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि कधी, कुठे काढला ही आतली माहिती निघून जाते. मूळ फोटो रोज रात्री ड्राइव्हवर चढवायचं काम तुमच्याकडे घ्या. मिस्टर थकून येतात, त्यांच्याकडून ते दोन दिवस होईल.

घरी तुम्ही एक साधी गूगल शीट ठेवा. विंग, मजला, फ्लॅट, खोली, लांबी, उंची, वजावट, नग, एकूण, मोजल्याची तारीख, सोबत कोण होतं. दुसऱ्या पानावर सारांश, आणि त्यात तीन रकाने हवेतच: मागील बिलापर्यंत, या बिलात, आजवर एकूण. मी परत पाठवलेल्या बिलांपैकी कितीतरी केवळ ‘मागील’चा आकडा आमच्या आकड्याशी जुळत नव्हता म्हणून गेली. बिल्डरचा स्वतःचा नमुना असेल तर तो मागून घ्या आणि शीट त्याच नमुन्यात बनवा. तपासणाऱ्या मुलाला तुमचे आकडे त्याच्या नमुन्यात पुन्हा टाइप करायला लागले की तुमचं बिल ढिगाच्या तळाशी जातं. त्याच्या बाजूने विचार केला की हे पटेल.

एक गोष्ट जुन्या पद्धतीची घ्या. सरकारी बांधकाम खात्याच्या मोजमाप पुस्तिकेत पानांना छापील क्रमांक असतात, पान फाडता येत नाही, खोडरबर चालत नाही. चुकलं तर रेघ मारून शेजारी लिहायचं आणि सही करायची. दीडशे वर्षांच्या अनुभवातून आलेली ही शिस्त आहे आणि मला तिच्याबद्दल फार आदर आहे. शीटमध्येही तसंच करा. साहेबांना पाठवून झालेल्या ओळीतला आकडा बदलू नका, खाली नवी ओळ घालून ‘दुरुस्ती’ लिहा. शीट जुन्या आवृत्त्या जपून ठेवतेच, पण समोरच्याचा विश्वास बसतो तो बदल उघड दिसल्यावर.

आता माझ्याकडून झालेली एक चूक सांगते, कारण ती तुमच्या उपयोगाची आहे. ऐन पावसाळ्यात एका वॉटरप्रूफिंगवाल्याचं सव्वाचार लाखांचं बिल माझ्या ड्रॉवरमध्ये 19 दिवस पडून होतं. त्यातली 11,000 रुपयांची एक ओळ एक्स्ट्रा कामाची होती आणि तिला मंजुरी नव्हती. मी मंजुरीची वाट बघत संपूर्ण बिल थांबवलं. गणपतीच्या आदल्या आठवड्यात तो माणूस माझ्यासमोर खुर्चीत बसून काहीच बोलला नाही, नुसता बसला. त्या दिवशी मी ती ओळ बाजूला काढून बाकीचं बिल पुढे पाठवलं. ते पहिल्याच दिवशी करता आलं असतं. तो चेहरा मला आजही आठवतो.

म्हणून, ज्या ओळीवर वाद होणार हे तुम्हाला माहीत आहे ती नेहमीच्या बिलात घालूच नका. एक्स्ट्रा काम, जाड थर, दुसऱ्याच्या फोडाफोडीनंतरची दुरुस्ती, यांचं वेगळं बिल करा, फोटोंसकट. आणि बिल्डरच्या ऑफिसात एक विनंती करून बघा: पूर्ण तपासणी होईपर्यंत बिनवादाच्या रकमेतला मोठा हिस्सा आधी सोडा. ही मागणी अवास्तव नाही. केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने 29 ऑक्टोबर 2021 ला काढलेल्या सूचनांमध्ये बिल दिल्यापासून 10 कामाच्या दिवसांत किमान 75 टक्के तात्पुरते द्यायचे आणि तपासून उरलेले 28 कामाच्या दिवसांत, असं केंद्र सरकारच्या कामांसाठी सांगितलंय. खाजगी बिल्डरला ते बंधनकारक नाही, पण पुढच्या वर्क ऑर्डरची बोलणी करताना दाखवायला चांगलं उदाहरण आहे. तुमच्या तक्त्यातले शेवटचे 42 दिवस कमी करायची जागा वर्क ऑर्डरची बोलणी हीच आहे. काम चालू असताना कोणी अटी बदलत नाही.

जीएसटीचं थोडक्यात. पत्रावरून दिसतं की तुम्ही बिलासोबतच टॅक्स इन्व्हॉइस देता. 6,40,000 च्या बिलावर 18 टक्क्यांनी 1,15,200 रुपये होतात आणि ते पैसे न आलेले असतानाही पुढच्या महिन्याच्या रिटर्नमध्ये तुमच्या खिशातून जातात. वर मोजमाप कापलं गेलं की इन्व्हॉइसची रक्कम कमी करणारी क्रेडिट नोट आलीच. आधी आरए (रनिंग अकाउंट, म्हणजे चालू कामाचं) बिल द्यावं आणि सर्टिफाय झाल्यावर टॅक्स इन्व्हॉइस, असं वर्क ऑर्डरमध्ये लिहून घेता येतं का, हे तुमच्या सीएंना या आठवड्यात विचारा. सलग चालणाऱ्या कामासाठी कायद्यात वेगळी तरतूद आहे, पण ती करारातल्या शब्दांवर अवलंबून असते.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल तर करून घ्या, सरकारी पोर्टलवर ती फुकट होते. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असतात, आणि मुदत चुकल्यास बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. आयकरातही 1 एप्रिल 2024 पासून, मुदतीत न दिलेली अशी रक्कम देणाऱ्याला प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून धरता येत नाही. त्यामुळे बिलावरचा उद्यम नंबर अकाउंट्सवाल्यांच्या डोळ्यांत भरतो. मात्र एक सावधगिरी: वर्क्स कॉन्ट्रॅक्ट (माल आणि मजुरी एकत्र असलेलं बांधकामाचं कंत्राट) या कायद्यात बसतं का यावर न्यायालयांत वाद झालेले आहेत आणि मुंबई उच्च न्यायालयाचे त्याविरुद्ध निकाल आहेत. तुमचं काम फक्त लेबरचं आहे, तेव्हा ते कुठे मोडतं हे वकिलाला वर्क ऑर्डर दाखवूनच ठरवा. त्या आधारावर कोणाला नोटीस पाठवायची घाई नको.

व्हॉट्सॲप कोर्टात चालतं का, हेही तुमच्या मनात येईल. इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून चालते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली तिच्यासोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. जुन्या कायद्याखालच्या अशाच प्रमाणपत्राबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये, जालन्याच्या निवडणूक खटल्यात, ते सक्तीचं असल्याचं सांगितलं होतं; मूळ उपकरणच हजर केलं तर त्याची गरज नाही, असंही त्यात होतं. म्हणून मिस्टरांनी मोबाइल बदलला तर जुना एक्स्चेंजमध्ये देऊ नका.

आता मिस्टरांबद्दल. त्यांची भीती मला खोटी वाटत नाही. पुढचं काम साहेबांच्या शब्दावर मिळतं, आणि असे शब्द वर्षानुवर्षांच्या चहातून तयार झालेले असतात. पण ते एक गृहीत धरतायत: लेखी मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं. साहेबांच्या जागी बसून बघा. रेरा कायद्यानुसार ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि ते काम जेवढं पुढे गेलं त्या प्रमाणातच काढता येतात. त्यासाठी आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए यांची प्रमाणपत्रं लागतात. कुठल्या मजल्यावर किती काम झालं याचा हिशेब साहेबांनाही वर द्यावाच लागतो, आणि महिनाअखेरीला तो जुळवताना त्यांची किती धावपळ होते ते मला माहीत आहे. तुमच्या मिस्टरांनी फ्लॅटवार, तारखेसकट शीट दिली तर साहेबांचं अर्धं काम झालेलं असतं. मिस्टरांनी जाऊन एवढंच म्हणावं: ‘साहेब, घरी हिशेब ही बघते, तिला रोजचं मोजमाप लागतं. तुम्हालाही पाठवत जाऊ का?’ हे खरंही आहे आणि कोणाला टोचणारंही नाही. एका फ्लॅटपासून सुरू करा. साहेब नाराज झालेच तर एका मेसेजवरच कळेल, तेवढ्याने काम जात नाही.

म्हणजे ॲप? या वर्षी नको. ते 48,000 सोनेतारणात भरा. पुतण्या हुशार आहे, त्याला शीट बांधायला लावा. तारीख टाकली की बिल किती दिवस कोणाकडे आहे हे आपोआप मोजणारा रकाना तो तासाभरात करून देईल. तीन बिलं अशी काढा. मग तुम्हाला दुसरी साइट मिळाली आणि शीट पुरेनाशी झाली, तर ॲपचा विचार करा, तोही बिल्डरचं स्वतःचं सॉफ्टवेअर आहे का आणि ठेकेदाराला त्यात लॉगिन मिळतं का हे विचारून झाल्यावर.

राहिलं ते 1,60,000 चं रिटेन्शन. ते काम पूर्ण झाल्यापासून दोष-दायित्वाची मुदत (कामातले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायचा काळ) संपल्यावर देय होतं, आणि तुमच्याकडे काम पूर्ण झाल्याचं पत्रच नाही असं तुम्ही लिहिलंय. मग शेवटचं सर्टिफाय झालेलं बिल आणि शेवटचा फ्लॅट ताब्यात दिल्याचा कुठलाही मेसेज शोधा. तिथून मुदत मोजा. थकलेले पैसे वसूल करण्यासाठी दावा लावायला ते देय झाल्यापासून तीनच वर्षं मिळतात. ती संपायच्या आत समोरच्याने ‘एवढे देणे आहे’ असं लेखी, सहीनिशी मान्य केलं तर तिथून तीन वर्षं पुन्हा सुरू होतात. तेव्हा त्या कंपनीच्या अकाउंट्सला या आठवड्यातच ईमेल करा: कुठल्या बिलातून किती रिटेन्शन कापलं त्याची यादी, शेवटी एकूण 1,60,000, आणि ‘आपल्या खात्यातली आमची बाकी सही-शिक्क्यासह कळवावी’ ही विनंती. पैशांची मागणी त्या पत्रात नको, ती बाकी हातात आल्यावर करा.